आडोशाच्या बाजूचा दोर

दोर आपोआप सुटू शकतो. आपोआप बांधला जाऊ शकत नाही. पुढचे सर्व काही या एका वाक्यावर उभे आहे, म्हणून ते आधीच लिहून ठेवते.

माणिकपूरला औषधांच्या एका दुकानावरच्या माडीत आमच्या नौका वारसा मंडळाची खोली आहे. 'आमच्या' हा शब्द मी सवयीने वापरते. अध्यक्ष शांतारामभाऊ तो मालकीहक्काने वापरतात. खोलीच्या मध्यभागी, शाळेतून बाद झालेल्या एका टेबलावर, मी एक गलबत बांधत होते. केळी, विड्याची पाने आणि मीठ भरून आमच्या किनाऱ्यावरून मुंबईला जाणाऱ्या लहान गलबताची ती प्रतिकृती. हातभराहून थोडी लांब, सागवानी, पुढे झुकलेल्या एकाच डोलकाठीची. त्या सोमवारी सकाळी मी दार उघडले तेव्हा डोलकाठीच्या उजव्या बाजूचा दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलेला होता. शनिवारी मी तो ढिला सोडून गेले होते. जाणूनबुजून.

यात गूढ काही नाही. आमच्या गलबताचे शीड एका लांब तिरक्या काठीला बांधलेले असते आणि ती काठी डोलकाठीच्या एकाच अंगाला लटकते. वारा डावीकडून आला की शीड उजवीकडे फुगते. अशा वेळी डोलकाठीला धरून ठेवणारे दोर वाऱ्याच्या बाजूला ताठ लागतात आणि आडोशाच्या बाजूला ढिले, नाहीतर शीड त्यांच्यावर घासून फाटते. वारा दुसऱ्या अंगाला घ्यायचा असेल तर खलाशी ती काठी डोलकाठीच्या पुढून फिरवतात आणि दोरांची अदलाबदल करतात. ताठ ते ढिले, ढिले ते ताठ. युरोपीय जहाजांवर दोन्ही बाजूंचे दोर जन्मभर ताठ असतात. ज्यांनी जहाजे केवळ दिनदर्शिकेवरच्या चित्रांत पाहिली आहेत, त्यांना ढिला दोर दिसला की वाटते, बांधणाऱ्याने कंटाळा केला.

शांतारामभाऊंनी जहाजे दिनदर्शिकेवर पाहिली आहेत.

ते निवृत्त अभियंते, आमच्याच वाडीतले, शाळेत माझ्यापुढे दोन इयत्ता. मी इतिहासाची अध्यापिका म्हणून नोकरी संपवली आणि त्या काळात किनाऱ्यावरच्या होड्यांविषयी जे काही लिहिले, त्याला ते मंडळाच्या सभेत 'सुमेधाताईंचा कल्पनाविलास' म्हणाले. चित्र दाखवा, म्हणाले. चित्राशिवाय दोर ढिला कसा मानायचा? मी जुनी वर्णने काढून दाखवली. ते म्हणाले, वर्णन म्हणजे काय, कोणीही काहीही लिहितो. आयुष्यभर लेखी अहवालांवर सह्या करून जगलेल्या माणसाने हे म्हणावे, याचे मला अजून कौतुक वाटते.

खोलीला लागूनच असलेल्या मंडळाच्या नव्या दालनात काचेची पेटी एकच आहे. तिच्यात काय ठेवायचे, ते त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारच्या सभेत ठरायचे होते: माझे गलबत, की शांतारामभाऊंनी पसंत केलेले तीन डोलकाठ्यांचे, सोनेरी पुतळ्याचे, तयार मिळणारे गोरे जहाज. गलबत सिद्ध झाले नाही, तर या किनाऱ्यावर स्वतःची नौका होती, तिला स्वतःची बुद्धी होती, ही गोष्ट माझ्याबरोबर चितेवर जाणार होती. आणि आता कोणीतरी त्या गोष्टीचा एकमेव दृश्य पुरावा रातोरात ताणून ठेवत होते.

खोलीच्या चाव्या चार. एक माझी. एक शांतारामभाऊंची. एक मंडळाचे सचिव वॉल्टर यांची. हे पाचूबंदरचे, एका कार्यालयात कारकुनी करून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ, ज्यांनी वडिलांच्या मोडलेल्या होडीच्या फळ्या आम्हाला लाकूड म्हणून दिल्या होत्या. चौथी हरेशची.

हरेश नालासोपाऱ्याला कवळ्या बनवतो. दंतवैद्य मापे पाठवतात, तो मेणात दात रोवून देतो. उरलेल्या वेळात परदेशी जहाजांच्या प्रतिकृती जोडण्याचा त्याला नाद. मला शोध घेता येई आणि त्याला बोटे होती, म्हणून आम्ही एकत्र आलो. सुताराला न जमणारे काम त्याने दातांच्या कोरण्यांनी केले. फळ्यांच्या सांध्यांत कापूस भरण्याची जुनी रीत मी त्याला वाचून दाखवली, तेव्हा त्याने दाढा भरतात तशी ती भरली. शिडाचे कापड तो आपल्या दुकानात शिवत होता, कारण तिथे त्याचे भिंग आणि दिवा होता. एकच खोड: त्याला डावे-उजवे सारखे लागे.

"मॅडम, हा एक दोर असा लोंबतोय ना, डोळ्याला खुपतो हो."

"तो लोंबतो, म्हणूनच गलबत चालते."

"ते बरोबर आहे. पण बघणारा काय बोलेल? एक दात किडका ठेवला बोलेल."

"बघणाऱ्याला शिकवायचे असते, हरेश. त्याची समजूत काढायची नसते."

"तुमचं शिकवून होईस्तोवर तो पुढच्या पेटीकडे गेलेला असतो," हरेश हसून म्हणाला आणि पुन्हा चिमटा घेऊन वाकला.

हे संभाषण शनिवारचे. सोमवारी दोर ताठ. मी तो सोडला, कोणालाही काही बोलले नाही. संशय हे दुर्बिणीसारखे उपकरण आहे. ते आधी स्थिर धरावे लागते. बुधवारी दोर पुन्हा ताठ. सोडला. शुक्रवारी मंडळाच्या माहितीपत्रकाचा छापील नमुना आला आणि मुखपृष्ठावर माझे गलबत होते, दोन्ही बाजूंचे दोर ताठ, एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे. छायाचित्र ब्रिटनीने काढले होते. ही वॉल्टर यांची भाची, लग्नसमारंभांचे फोटो काढते, आणि मामांनी सांगितले म्हणून एका सकाळी येऊन गेली होती.

मी तिला फोन केला. दोराला हात लावला होतास का?

"आंटी, मी नवरीच्या साडीलापन विचारल्याशिवाय हात लावत नाही," ती म्हणाली. "जशी होती तशी काढली. एकदम टाइट होती."

त्याच संध्याकाळी शांतारामभाऊ जिन्यात भेटले. त्यांनी माहितीपत्रक पंख्यासारखे हलवले.

"सुमेधाताई, अभिनंदन! अखेर तुम्हीही मान्य केलंत म्हणायचं."

"काय मान्य केले?"

"दोर! दोन्हीकडचे ताठ. किती देखणं दिसतंय. अहो, चूक सुधारण्यात कमीपणा कसला? तुम्ही तर इतिहासाच्या बाई."

ओठ मिटून ते हसले. अलीकडे ते नेहमी ओठ मिटूनच हसत. मी त्याला मुत्सद्देगिरी समजत होते.

जुन्या पोथ्यांवर काम केलेल्याला एक गोष्ट कळते. पोथी उतरवणारा अडाणी असेल तर तो चुका करतो. शहाणा असेल तर दुरुस्त्या करतो. पहिल्याने केलेले नुकसान सापडते, दुसऱ्याने केलेले सापडत नाही, कारण ते वाचायला सोपे असते. माझ्या गलबतावर कोणीतरी शहाणा नकलनवीस काम करत होता. तेव्हा मी पोथीला लावते तोच न्याय लावला: हस्ताक्षर पाहायचे ठरवले. भिंग घेऊन मी ताणलेल्या दोराची गाठ तपासली.

हरेशच्या गाठी मला पाठ होत्या. इवल्याशा, सारख्या, शेवटी सरसाचा एक चमकता थेंब. ही गाठ निराळी होती. दोन वेढे, टोक स्वतःच्याच खाली खुपसलेले, सरस नाही. अशी की एका झटक्यात सुटावी. कोणताही साधा माणूस यातून एवढेच म्हणाला असता की गाठ हरेशची नाही. पण मी साधा माणूस नव्हते. मी आयुष्यभर बनावट दस्तऐवज वाचले होते. बनावट करणारा स्वतःचे अक्षर लपवतो, हे मी जाणून होते. जो माणूस रोज मेणात परक्या माणसांचे दात हुबेहूब उभे करतो, त्याला परक्या हाताची एक गाठ मारता येणार नाही? गाठ हरेशची वाटत नव्हती, हाच ती हरेशची असल्याचा पुरावा मी मानला.

त्याला जोड मिळाली. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी शांतारामभाऊंना नालासोपाऱ्यात हरेशच्या दुकानाचा जिना चढताना पाहिले होते. एकदा नव्हे. मी स्वतःही एकदा त्यांना रिक्षा थांब्यापाशी हरेशशी खालच्या आवाजात बोलताना पाहिले. मला पाहताच ते गप्प झाले आणि शांतारामभाऊंनी रुमाल तोंडाला लावला. तीन डोलकाठ्यांचे जहाज जोडायला कोणीतरी लागणारच होते. ते कोण जोडणार, हे मला तेव्हा लख्ख दिसले.

शनिवारी कार्यकारिणीची चहाची बैठक होती. बिस्किटांची बशी फिरून झाल्यावर मी भिंग टेबलावर ठेवले आणि बोलले. मी आवाज चढवला नाही. आवाज चढवणे हे पुरावा अपुरा असल्याचे लक्षण आहे. दोर कितीदा ताणला गेला ते सांगितले, गाठीचे वर्णन केले, छायाचित्राचा परिणाम सांगितला आणि अखेरीस म्हणाले, "हरेश, हे तुम्ही केलेत, आणि कोणासाठी केलेत, तेही मला ठाऊक आहे."

हरेशच्या हातात चहाचा कप होता. तो त्याने खाली ठेवला.

"मॅडम, ही गाठ माझी नाही. तुम्ही बघितली ना भिंगातून? मग?"

"पाहिली. म्हणूनच म्हणते."

"म्हणजे माझी दिसली असती तर माझी, आणि नाही दिसली तरी माझीच?"

"तुम्ही शांतारामभाऊंना तुमच्या दुकानात कशासाठी भेटता?"

हरेशने शांतारामभाऊंकडे पाहिले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. माझ्या अनुभवात इतक्या निरपराधपणे खिडकीबाहेर कोणी पाहिलेले नाही. वॉल्टर यांचा चेहरा पांढरा पडला होता. तो मी सज्जन माणसाचा संकोच समजले.

"ते मी नाही सांगणार," हरेश म्हणाला.

"मग मीही काही विचारणार नाही."

"विचारलंत कुठे, मॅडम? तुम्ही आल्यापासून सांगताच आहात."

त्याने कोरण्या, चिमटे, मेणाची डबी एकेक करून पिशवीत भरली. चावी माझ्या भिंगावर ठेवली. काचेवर धातू वाजतो तो आवाज झाला. जाताना गलबताकडे पाहून त्याने सवयीने मान डावीकडे-उजवीकडे केली आणि गेला. शांतारामभाऊ म्हणाले, "आता शीड कोण चढवणार, ताई?" त्यांच्या आवाजात दुःख नव्हते.

मी दोर सोडून ढिला केला, दार स्वतः लावले. हरेशची चावीही आता माझ्याच जुडग्यात होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, खोली बंद असते. सोमवारी सकाळी मी आले, तर दोर ताठ.

एखाद्या सिद्धांताचा मृत्यू इतक्या जवळून मी फार वेळा पाहिलेला नाही. मी खुर्चीवर बसले. खरे सांगते, पहिला विचार पश्चात्तापाचा नव्हता. पहिला विचार असा, की मग हे शांतारामभाऊ स्वतःच करतात. संशय माणसाला सोडत नाही, तो फक्त घर बदलतो.

दोर पुन्हा सोडून ठेवला आणि मंगळवारी मी चर्चची घंटा होण्याआधीच माडीत येऊन कपाटाआड बसले. अध्यक्ष रंगेहाथ सापडले तर काय म्हणायचे, त्याची दोन वाक्ये तयार ठेवली होती. पहिली मिस्सा, चर्चमधली सकाळची प्रार्थना, सुटली. रस्त्यावरून माणसे बोलत गेली, रिक्षा सुरू झाल्या. मग जिन्यावर पावले वाजली, सावकाश, एका गुडघ्यात दुखणाऱ्या माणसाची. शांतारामभाऊंचे गुडघे उत्तम आहेत.

वॉल्टर आत आले. त्यांनी खिडकी उघडली. टेबलाशी उभे राहून छातीवर क्रूसाची खूण केली, दोराचे टोक धरले, ओढले, दोन वेढे दिले आणि टोक खाली खुपसले. एका दमात. तयार ठेवलेली दोन्ही वाक्ये माझ्या तोंडात तशीच राहिली.

"वॉल्टर," मी म्हणाले.

ते दचकले नाहीत. बहुधा कोणीतरी एक दिवस कपाटामागून निघेल, हे त्यांनी धरूनच ठेवले असावे.

"बाय, मी सांगनार होतो. त्या दिवशीच सांगनार होतो."

"पण सांगितले नाहीत. एका माणसाला माझ्या हातून घालवू दिलेत."

"हो." ते स्टुलावर बसले. "तुम्ही भिंग लावून गाठीचं बोलत होतात ना, तेव्हा माझं तोंडच बंद झालं. वाटलं, आता मी बोललो की सगळे हसतील. म्हातारा खेळन्याची गाठ मारतो."

"का मारता?"

त्यांनी सांगितले ते त्यांच्या शब्दांत सगळे देता येणार नाही. ते फार तुटक बोलत होते. त्यांच्या आळीत, निदान त्यांच्या घरात, एक रीत होती. तांडेल, म्हणजे होडी हाकणारा मुख्य, मेला की किनाऱ्यावर उभ्या असलेल्या त्याच्या होडीचा एका बाजूचा दोर सोडून ठेवायचा. तो पाहून येणाऱ्या-जाणाऱ्याला कळे, या होडीचा धनी गेला. मृत्यूनंतरची महिन्याची मिस्सा झाली की मुलाने येऊन तो दोर स्वतःच्या हाताने ताणायचा आणि होडी पाण्यात घालायची. त्यांचे वडील वारले तेव्हा वॉल्टर नुकतेच कारकून झाले होते. दोर सोडला त्यांनीच. ताणला मात्र कोणी नाही, कारण होडी पाण्यात घालणारे कोणी नव्हते. पावसाळे गेले, फळ्या सुटल्या. होडी मोडली तेव्हाही दोर ढिलाच होता.

"आनि मग ह्याच फळ्यांची ही केलीत तुम्ही," ते म्हणाले. "छान केलीत. पन मी रोज खिडकी उघडायला येतो, आनि बघतो तर दोर सुटलेला. पप्पा गेल्याची खबर मला रोज नव्यानं येते, बाय. मी बांधतो, तुम्ही सोडता. मला वाटलं, तुम्हाला कोनी सांगितलं का काय मुद्दाम."

म्हणजे त्यांनाही माझा संशय आला होता. हे ऐकून मला विचित्र समाधान वाटले, ते लपवत नाही.

मी मग विचारले, कारण माझ्याने राहवले नाही: "तुमचे वडील शीड लावून जात, तेव्हा आडोशाच्या बाजूचा दोर?"

"तो ढिलाच. नाहीतर शीड फाटनार नाही?" उघड्या खिडकीशी उभे राहून सूर्य उगवला का, असे विचारणाऱ्याकडे पाहावे तसे ते माझ्याकडे पाहत राहिले. "चालनाऱ्या होडीचं कोन बोलतंय, बाय? शीड चढवा, मग सोडा किती सोडायचा तो. पन ही चालत कुठे होती? शीड खाली, दोर ढिला. आमच्यात त्याचा एकच अर्थ."

इथे माझे चुकले ते विद्येत नाही. शीड चढायचेच होते आणि मी दोर त्याच्या हिशेबाने आधीच सोडला होता. पण अर्धवट बांधलेल्या वस्तूलाही कोणीतरी वाचत असते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आता ते शीड नालासोपाऱ्यात होते, मी घालवून दिलेल्या माणसाच्या दुकानात. शिडाशिवाय माझा ढिला दोर रविवारच्या सभेत कामचुकारपणा ठरला असता, आणि वॉल्टर यांच्या डोळ्यांना प्रेतयात्रा.

त्याच दुपारी मी नालासोपाऱ्याला गेले. सोपारा हे एके काळचे मोठे बंदर. आता तिथे कपडे वाळत घातलेल्या गॅलऱ्यांची इतकी दाटी आहे की समुद्र कोणत्या दिशेला आहे, हे विचारून घ्यावे लागते. हरेशचे दुकान पहिल्या मजल्यावर. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सगळे हसत असल्यासारखे. तो एका मेणाच्या हिरडीवर वाकला होता. मला पाहून उठला नाही.

"बसा मॅडम. स्टूल आहे तिकडे."

"दोर वॉल्टर बांधत होते."

"अच्छा." त्याने कोरणी मेणातून काढली. "का?"

मी सांगितले. तो कोरणी पुसत ऐकत राहिला. मला वाटले, आता तो मला सुनावेल, त्याऐवजी तो म्हणाला, "बिचारे. मला सांगितलं असतं तर मी बांधून दिला असता."

मी बोलण्यासाठी शब्द जुळवत होते, तेवढ्यात फळीवरच्या एका जबड्याकडे माझे लक्ष गेले. वरच्या दोन दातांत एक फट. ती फट मी शाळेपासून ओळखते; वक्तृत्व स्पर्धेत तिच्यातून 'स' कसा शिट्टीसारखा येई, तेही. कोणीतरी नव्या कवळीत ती फटसुद्धा करून मागितली होती, म्हणजे जगाला कवळी कळू नये. रिक्षा थांब्यावरचा रुमाल. मिटलेल्या ओठांचे हसू. खिडकीबाहेरची ती निरागस नजर. माझा सगळा कट प्लास्टरचा होऊन माझ्यासमोर हसत होता.

हरेशने माझी नजर पाहिली. तो उठला आणि तो जबडा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"तेव्हा सांगितले असतेत, तर सुटला असतात," मी म्हणाले.

"कोणाचे दात खोटे आहेत ते मी सांगत फिरलो, तर धंदा करू की नको?" मग हलकेच म्हणाला, "आणि मॅडम, त्यांनी स्वतः बोलायला पाहिजे होतं. ते नाही बोलले. तो त्यांचा प्रश्न."

"मी चुकले, हरेश."

"इथे बोलून काय उपयोग? इथे हे सगळे आहेत फक्त." त्याने जबड्यांकडे हात केला. "तिथे बोललात ना? सगळ्यांसमोर? मग तिथेच."

शीड तयार होते. त्याने ते मऊ कागदात गुंडाळून कपाटात ठेवलेले मी पाहिले. पण दिले नाही. मीही मागितले नाही.

रविवारी सभेला दालन भरले होते. काचेची पेटी रिकामी, तिच्या एका बाजूला माझे गलबत, दुसऱ्या बाजूला गोऱ्या जहाजाचे चकचकीत चित्र. हरेश मागच्या रांगेत, मांडीवर कागदाची पुडी घेऊन बसला होता. मी विषयाला सुरुवात करण्याआधी उभी राहिले आणि म्हणाले की मागच्या शनिवारी मी हरेश यांच्यावर जो आरोप केला तो खोटा होता. गाठ त्यांची नव्हती, हे मला भिंगातून दिसत होते. आणि दिसत असलेले नाकारून मी स्वतःचा तर्क खरा मानला. माझ्या विद्यार्थ्याने असे केले असते, तर मी त्याला नापास केले असते. एवढे बोलून मी बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ही त्या सभेने दाखवलेली एकमेव अभिरुची.

हरेश पुढे आला. पुडी उघडली. पण शीड लावण्याआधी वॉल्टर म्हणाले, "जरा थांब, बाबा."

सकाळी मी खोलीत गेले होते तेव्हा दोर ढिला होता. त्या दिवशी त्यांनी तो मुद्दाम बांधला नव्हता. आता सर्वांसमोर ते टेबलाशी आले. दोर ओढला, दोन वेढे दिले, टोक खुपसले. मग डोलकाठीवर हात ठेवून त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटले. मला शेवटचा शब्द तेवढा कळला, 'पप्पा'. आणि मागे सरले.

"चढव," त्यांनी हरेशला सांगितले.

हरेशने काठी वर ओढली. शिडात त्याने केसाइतकी बारीक तार शिवली होती, म्हणून ते डावीकडून वारा लागल्यासारखे उजवीकडे फुगले आणि ताणलेल्या दोरावर जाऊन टेकले. कापडावर सुरकुती पडली. मागच्या रांगांनाही ती दिसली असावी, कारण कोणीतरी "अरे, अडलं" म्हणाले. मी पुढे होऊन दोराचे टोक ओढले. गाठ एका झटक्यात सुटली, दोर लोंबला, सुरकुती गेली, शीड भरले.

चित्र दाखवा, असे शांतारामभाऊ म्हणाले होते. ते आता त्यांच्यासमोर उभे होते. तरीही सवय मोठी असते. ते उठले, बोट पुढे केले आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे हो, पण हा एक दोर राहिलाच की..."

"भाऊ," वॉल्टर म्हणाले. त्यांचा एवढा मोठा आवाज मंडळात कोणी ऐकला नव्हता. "हात नका लावू. ती चाललीय."

शांतारामभाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या दातांकडे पाहिले, क्षणभरच, आणि मग हरेशकडे. हरेशने नकारार्थी मान हलवली. मी काहीही बोलले नाही. पण मी कशाबद्दल बोलले नाही, ते शांतारामभाऊंना समजले असावे, कारण ते ओठ मिटून खाली बसले आणि मतदानात त्यांनी गलबताच्या बाजूने हात वर केला.

माहितीपत्रके मात्र छापून झाली होती. ती अजून वाटली जातात. शीड नसलेले, दोन्ही दोर ताणलेले गलबत मुखपृष्ठावर आहे, आणि पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक ते पुरावा म्हणून माझ्याविरुद्ध वापरील, याविषयी मला शंका नाही.

पेटी बंद करण्याआधी हरेशने लोंबत्या दोराच्या टोकाला सरसाचा एक थेंब लावला. "आता कोणाला ताणता येणार नाही," तो म्हणाला. मी त्याची चावी त्याला परत केली. पेटीला कुलूप आले, तेव्हा खोलीच्या चाव्या जमा करा, असे शांतारामभाऊंनी सर्वांना सांगितले. बाकीच्यांनी केल्या. मला त्यांनी दोनदा आठवण केली आहे.

सरस पावसाळ्यात मऊ पडतो, असे मी कुठेतरी वाचले आहे, आणि मऊ सरसातला दोर कोणालाही पुन्हा ताणता येतो. माझी चावी माझ्याकडेच आहे.